सोडलेल्या दोन ओळी

करपा रोगावरचं नवं औषध निकामी ठरल्याचा अहवाल घेऊन संशोधक बाई बसमध्ये बसल्या होत्या. फवारलेली आणि न फवारलेली, दोन्ही टोमॅटोची झाडं सारखीच निरोगी निघाली होती. पुढच्या बाकावर दोन जावा बोलत होत्या.

"त्या बाईंनी दोन ओळी फवारायच्या नाहीत म्हणून का गं सांगितलं?"

"तुलना करायचीय म्हणे, जाऊबाई."

"तुलना कसली? आपली झाडं मरताना बघायची असतील."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून उरलेलं औषध त्या ओळींवरही मारलं."

"त्यांना सांगितलंस?"

"कशाला? झाडं वाचली ना."

बाई पुढे वाकल्या. "ताई, किती वेळा मारलंत?"

धाकटीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या?"