दाराला टांगलेली कोरफड

सत्त्याण्णव सालची गोष्ट. परदेशातल्या वुडलँड्स उपनगरात, बसच्या रांगेत मागून मराठी कानावर आलं आणि सुलभा वळता वळता थांबली. बोटीवरून सुट्टीवर आलेला नवरा आणि त्याची बायको बोलत होते.

"अहो, दाराला उलटी टांगलीय ना, ती आपली साधी कोरफड नाहीये. लायब्ररीतल्या पुस्तकात फोटो आहे तिचा."

"असेल. दृष्ट लागू नये म्हणून तूच मागितलीस. डर्बनजवळच्या माळावरून उपटून आणली."

"त्या गवताळ माळांखेरीज ती कुठेच उगवत नाही. संपत आलीय म्हणे."

"एका रोपानं काय होतंय गं!"

"तिथे अजून होती ना पण?"

"ही बस कुठे अडकली?"

"मी काय विचारतेय?"

"तीनच होती. दोन बोटीवर कुजली."