दुधाचा चोर

मंडळी, आज एक कोडं घेऊन उभा आहे. सणाला ज्याला भाऊ म्हणायचं, त्याच्या गोतातलं कुणी गोठ्यात दिसलं, की काठी शोधायची — हे जमतं कसं आपल्याला? हसू नका. ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. तिथं हौसाबाई राहायची. घराचा सगळा भार एका म्हशीवर, मैनेवर. दर नागपंचमीला हौसाबाई न्हाऊन वारुळाला जायची, दुधाची वाटी ठेवायची आणि गायची —

नागोबा भावा माझ्या, तुझ्या वारुळाच्या दारी
दूध ठेवते वाटीत, येऊ नको माझ्या घरी

बघा! भावाला आवतण नाही, ताकीद!

तर काय झालं, गेल्या वर्षी मैनेचं दूध घटलं. पहाटे धारेला बसावं, तर कास मोकळी. गोठ्यात धामण दिसलेली. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालते नि सडाला तोंड लावते, हे गावाला ठाऊक. पाहिलंय कुणी? कुणीच नाही. ठाऊक मात्र सगळ्यांना! मग हौसाबाईनंच दिराला, बाजीरावाला, सांगून एक धामण मारवली. कधी? पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. वारुळावरचं दूध अजून वाळायचं होतं, मंडळी.

दूध वाढलं? छे. आणखी घटलं. यंदा पुन्हा धामण दिसली. बाजीरावानं काठी उचलली, पण शेजारणीनं तालुक्याच्या रेश्मा मुलाणीला बोलावलं. साप धरून रानात सोडणारी बाई ही. तिनं धामण अलगद धरली नि अंगणातच बसली. गल्ली गोळा झाली.

"हौसामावशी, या. हात लावा."

"मी? चोराला?"

"मी धरलीय म्हणून म्हणते. एकट्यादुकट्यानं कधी हात घालू नका."

हौसाबाईनं एक बोट टेकवलं. तिला वाटलेलं, बुळबुळीत असेल. ते तर कोरडं, गार — घडी मोडलेल्या इरकली लुगड्यासारखं. बोटाखाली श्वास हलत होता. ती बोट काढायचं विसरली.

"तोंड बघा," रेश्मा म्हणाली. "चोखायला ओठ लागतात. हिला कुठायत? आत वळलेले बारीक दात आहेत. हिनं सड धरला असता, तर तुमची मैना खुंट्यासकट वेशीपल्याड गेली असती."

"मग गोठ्यात कशाला येते?" बाजीराव म्हणाला. "कीर्तन ऐकायला?"

"उंदरांना येते, दादा."

हौसाबाईची नजर गोठ्याकडं गेली. मैनेच्या रेडकाच्या दाव्याला चार गाठी. दर आठवड्याला तुटायचं, बाजीराव दर आठवड्याला गाठ मारायचा. ती उठली, दावं हातात घेतलं. तुटलेलं टोक कुरतडलेलं! रेडकू सुटून आईला लुचत होतं. धामण मारली, उंदीर आणखी माजले, दावं तुटलं... आणि आळ कुणावर?

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "गेल्या साली आपण कुणाला मारलं वो?"

बाजीरावानं काठी भिंतीला टेकवली.

"आणि नागोबा?" हौसाबाईनं रेश्माला विचारलं. "त्यो तरी पितो का दूध?"

"नाही मावशी. कुठलाच साप पीत नाही."

"मग चाळीस वर्षं मी कुणाला पाजलं?"

"मुंग्यांना," रेश्मा म्हणाली. गल्ली हसली. हौसाबाई हसली नाही. तिला कळेना, हात जोडले ते खोटे की काठी उगारली ती खोटी.

"कुठं सोडू हिला? लांब नेऊ?"

हौसाबाई गोंधळली. दिराकडं बघितलं, मैनेकडं बघितलं. मग म्हणाली, "गोठ्यामागच्या दगडांच्या गडग्यात सोडा. तिचंच घर हाय ते."

पुढची पंचमी आली. हौसाबाई वारुळाला गेली, हळदकुंकू वाहिलं, पहिली ओळ गायली. दुसरी ओठांवर येईना. नवी सुचेना, जुनी म्हणवेना. तशीच भरली वाटी घेऊन ती घरी आली नि रेडकापुढं धरली.

"घे बाबा. तू तरी पितोस."

आता सांगा, मंडळी, तिची पूजा पुरी झाली की अर्धी राहिली? मला विचाराल, तर मलाही नक्की ठाऊक नाही. मी एवढंच म्हणतो, तुमच्याही घरी, भावकीत, शेजारात कुणावर तरी असाच आळ असेल. न बघता घेतलेला. तेव्हा आज देवापुढं हात जोडाल, त्याआधी घरी जाऊन एकदा दाव्याचं टोक बघा.