तीनवर चिकटवलेलं बटण

डेट्रॉइटमधल्या एमेटच्या दुरुस्तीच्या दुकानात डार्ला आपली गिटार घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या म्हाताऱ्या व्हर्ननने गिटारचा ॲम्प्लिफायर धपकन काउंटरवर ठेवला.

“एमेट, पोराचा आहे. विकायला काढलाय. पण गिऱ्हाईक म्हणतं, रॉक वाजवायला लागतो तसा हा गुरगुरतच नाही.”

“गुरगुरेल कसा? आवाजाचं बटण तीनवर चिकटवलंय की! कुणी केला हा शहाणपणा?”

“मीच. कार्टं घर डोक्यावर घ्यायचं.”

“अरे व्हर्नन, आवाज पार वर नेला, आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर ताण पडला, की मगच तो गुरगुरतो. हळू आवाजात तो सूर येतच नाही.”

“तोही हेच सांगायचा. मला वाटायचं, उलट उत्तरं देतोय.”

“एकदा तरी दहावर ऐकायचंस.”

“ऐकलं ना. त्याच दिवशी चिकटवलं.”

“आता कुठे असतो तो?”

“पोर्टलंडला. नाताळात फोन करतो.”

“वाजवतो का अजून?”

“कोण जाणे! फोनवर इतकं हळू बोलतो, की मलाच ओरडावं लागतं, ‘अरे, जरा मोठ्यानं बोल!’”