मास्तर विहिरीत नव्हते, अकोल्याला होते

दिनांक १८/११/२००८, दुपारी १.१५ वाजता

नाव शालू देवमन खंडारे, वय ५२ वर्षे, व्यवसाय अंगणवाडी सेविका, राहणार पिंपळखेडा, तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती.

मी स्वतःच्या पायाने पोलीस स्टेशनला हजर झाले असून, विचारल्यावरून, कोणी न शिकवता सांगते ते असे की, काल संध्याकाळी मी माझे पती देवमन सूर्यभान खंडारे, वय ५८ वर्षे, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, हे घरी न आल्याबाबत येथेच तक्रार दिली होती. ते सध्या बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांच्या गळ्यात एक कॅमेरा आहे. तो ठेवायचा की अकोल्याला परत द्यायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडले आहे. परत द्यायचा असल्यास उद्या दुकान बंद होण्याच्या आत द्यावा लागतो. तरी हवालदारसाहेब, जबाब लवकर लिहावा, आणि मी सांगते तसाच लिहावा. आपल्या मनचे त्यात घालू नये.

काल दिनांक १७ रोजी सोमवारी सकाळी ७.३० वाजता माझे पती घरून निघाले. अमरावतीला रश्मीकडे जातो, पेन्शनच्या कागदाचे काम आहे, चारच्या गाडीने वापस येतो, असे बोलले. रश्मी ही आमची मुलगी असून ती अमरावतीला नर्सिंगचे शिक्षण घेते. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कापडी थैली. मला संशय आला नाही. यायला पाहिजे होता. पेन्शनच्या कागदासाठी कोणी सदऱ्याला दोनदा इस्त्री करते काय?

चारची गाडी ४.३० वाजता आली, त्यात ते नव्हते. रस्ता खोदताना वायर तुटल्यापासून आमच्या घरचा फोन आठ दिवस झाले मुका आहे. म्हणून मी चौकातल्या पीसीओवरून रश्मीच्या मोबाईलवर फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबा तं इकडं आलेच नाही. कोणता कागद?" मी म्हणाले, "काही नाही वो, तू अभ्यास कर." आणि फोन ठेवला.

५.२० वाजता नत्थुजी भोयर, वय अंदाजे ६५, धंदा शेती, हे आमच्या घरी आले. फाट्यावरच्या एसटी थांब्याला लागून त्यांचे वावर व विहीर आहे. त्यांच्या हातात चपलांचा एक जोड होता. विहिरीच्या काठावर नीट शेजारी-शेजारी ठेवलेला सापडला, असे त्यांनी सांगितले. चपला मी ओळखल्या. डाव्या अंगठ्याला मीच टाका घातला होता. नत्थुजी रोज दारातून ओरडतात, "बाई, चहा टाका." काल आत येऊन उभे राहिले, बसले नाहीत.

आपल्या तालुक्यात या तीन-चार वर्षांत काठावर चप्पल दिसली की लोक काय समजतात, हे मी सांगायची गरज नाही. मागच्या महिन्यात आपण स्वतः दोनदा आमच्या भागात पंचनाम्याला आला होता. माझ्या पतीला शेती नाही, कोणाचे देणे नाही, सोसायटीत नाव नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तरीपण सगळे दोर शोधायला गेले.

५.४५ वाजता विहिरीत गळ टाकला. भारनियमन असल्याने मोटार सुरू झाली नाही. गळाला एक बादली व एक सायकलचे टायर लागले. ७.०० वाजता मी येथे येऊन तक्रार दिली. रात्रीबाबत मला काही सांगायचे नाही. आपण दोनदा विचारले. नाही म्हणजे नाही.

आज सकाळी ९.०० वाजता पुन्हा सर्व जण विहिरीवर जमा झाले. लाईन १०.३० वाजता येणार होती, मग मोटार लावून पाणी उपसायचे ठरले होते. सारे गाव काठावरून खाली वाकलेले होते. आपणही कागद घेऊन हजर होता. १०.१० वाजता माझे पती बडनेऱ्याच्या जीपमधून फाट्यावर उतरले. एवढी गर्दी कशाची म्हणून पाहायला आले. मागे उभे राहून टाचा उंच केल्या, काही दिसेना, तेव्हा त्यांनी नत्थुजींच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "काहो, कोण पडलं?"

नत्थुजी पाण्यातून नजर न काढता बोलले, "देवमन मास्तर."

माझे पती बोलले, "कोणते देवमन मास्तर?"

"आपले नाही का, ड्राइंगवाले."

"मी?"

त्यावर सारे गाव एकदम मागे वळले. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस इंदूबाई "माय वो!" म्हणून जागच्या जागी खाली बसल्या. नत्थुजींच्या हातातला दोर सुटला. आपली टोपी विहिरीत गेली. टोपीची नोंद करू नये असे आपण आता म्हणता, पण मी खरे सांगायला आले आहे.

मी त्या वेळी काय बोलले ते लिहू नये. पाच-सात मिनिटे बोलले. मी त्यांना मारले असे कोणी सांगितल्यास ते खोटे आहे. मी हात लावून पाहत होते. दोन्ही हातांनी, जोराने.

नंतर चौकशी केली असता माझ्या पतीने सर्वांसमोर सांगितले की, ते अमरावतीला गेलेच नाहीत. बडनेऱ्यावरून रेल्वेने अकोल्याला गेले. तेथे जुन्या शहरात अब्दुल गफ्फार यांचे कॅमेरे दुरुस्तीचे व जुने कॅमेरे विकण्याचे दुकान आहे. माझे पती जो कॅमेरा दोन वर्षांपासून पाहत होते, तो त्यांच्याकडे आला असल्याचे पत्र आले होते. दोन वर्षांपासून पाहत होते म्हणजे मासिकातले कात्रण पाहत होते. ते त्यांनी नकाशाच्या पुस्तकात लपवून ठेवले होते. पुस्तक उघडून एकटेच हसायचे. मला वाटले, म्हातारपणी कोण्या बाईचा फोटो बाळगून राहिले. तसे असते तर बरे झाले असते, निदान स्वस्तात सुटलो असतो.

चपलेबाबत विचारले. तर म्हणाले, एवढी महागाची वस्तू चपलेवाल्या माणसाला दुकानदार हातात देणार नाही, म्हणून निवृत्तीच्या समारंभाचे बूट थैलीत घेतले होते. फाट्यावर विहिरीच्या काठी पाय धुतले, बूट घातले. मी विचारले, "मंग चप्पल थैलीत टाकाले काय झालं होतं?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते जसेच्या तसे लिहावे. ते म्हणाले, "शालू, ज्या थैलीत कॅमेरा आणायचा, त्या थैलीत चप्पल कशी टाकू?"

एवढ्या सरळ माणसाला काय म्हणावे, साहेब? एकतीस वर्षे झाली, मला अजून सापडले नाही.

रात्री मुक्काम का केला, हे विचारले असता सांगितले की, गफ्फारभाईंची रीत आहे. गिऱ्हाईक आल्या दिवशी ते कॅमेरा विकत नाहीत. म्हणतात, "मास्टरजी, शाम की रोशनी देखो, सुबह की देखो, फिर पैसे निकालो." गिऱ्हाईक बाहेरगावचे असल्यास स्वतःच्या घरी ठेवून घेतात. तसेच, घेतल्यावर मन बदलले तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत पैसे वापस देतात, कारण विचारत नाहीत. त्यांच्या मुलीने, सितारा हिने, आमच्या घरी तीन वेळा फोन लावला. तिकडे घंटी वाजत होती. आमचा फोन बंद आहे हे माझे पती विसरले. घंटी वाजते, पण बायको उचलत नाही, म्हणजे रागावली असेल, असे समजून ते झोपले. चांगली झोप लागली, असेही त्यांनी सांगितले.

कॅमेऱ्याबाबत मला समजले ते असे. तो जपानी आहे, काळा आहे, वजनाला शेर-सव्वाशेर लागेल. डिजिटल आहे, रोल लागत नाही, तरी दर फोटोला अंगठ्याने एक दांडी ओढावी लागते. मी म्हणाले, "मंग डिजिटल काहाचा?" ते म्हणाले, "तेच तं मजा आहे." नागपूरच्या एका डॉक्टरने ती दांडी ओढून कंटाळून विकला. सोबत दोन लेन्स घेतल्या, एक पन्नास एमएमची व एक पस्तीसची. दोन्ही गफ्फारभाईंच्या वडिलांच्या, आमच्या लग्नाच्याही आधीच्या. रोल बंद पडल्यापासून डब्यात होत्या. एवढ्या जुन्या लेन्स एवढ्या नव्या मशीनला बसतात, हे पाहून गफ्फारभाईंच्या डोळ्यांत पाणी आले, असे माझे पती सांगतात. सांगताना त्यांच्याही आले.

याला झूम नाही. मोठा चेहरा पाहिजे असल्यास आपणच माणसाजवळ चालत जायचे. दोन वर्षांपूर्वी बाहेरून लोक आले होते, ते रस्त्यावर गाडीतच बसून लांब नळीने आमच्या गावच्या बायांचे फोटो काढून गेले. इंदूबाईंचा रडतानाचा फोटो कुठेतरी छापून आला, त्यांना कोणी विचारले नाही. या कॅमेऱ्याने तसे करता येत नाही. हे मला आवडले, पण त्या वेळी मी बोलून दाखवले नाही.

फोटोंसोबत मागच्या काचेवर वेळ दिसते. मी सगळे फोटो पाहिले. काल ५.२० वाजता, चपला माझ्या दारात आल्या तेव्हा, माझे पती गफ्फारभाईंच्या पायरीवर एका बकरीचा फोटो काढत होते. ५.४५ वाजता, गळ टाकला तेव्हा, सिताराची मुलगी तुबा, वय ६, हिचा पडलेला दात दाखवून हसतानाचा काढला. ७.०० वाजता मी आपल्यासमोर याच खुर्चीवर बसले होते. ७.०० वाजता पुलावाची परात, वाफेसकट. फोटो चांगले आहेत. बकरी तर हाक मारल्यावर येईल अशी आहे. मी काल सकाळपासून उपाशी होते, हे नोंदवावे.

गाव मागे वळले त्या क्षणी माझ्या पतीने चार फोटो काढले होते. मेलेला माणूस जिवंत पाहिल्यावर अख्ख्या गावाचे तोंड कसे होते, असा फोटो जगात कोणाकडे नसेल, म्हणाले. दाखवायला काच लावली तर चारही काळे. लेन्सचे झाकण काढले नव्हते. या कॅमेऱ्यात लेन्समधून पाहत नाहीत, बाजूच्या खिडकीतून पाहतात, त्यामुळे झाकण असले तरी पाहणाऱ्याला सगळे स्वच्छ दिसते. माझे पती डोक्याला हात लावून बसले. तेव्हा नत्थुजी म्हणाले, "मास्तर, रडता कायले? आमी पुन्हा वाकतो ना."

मग सगळे पुन्हा विहिरीवर वाकले. माझ्या पतीने मागे जाऊन विचारले, "काहो, कोण पडलं?" कोणालाच दुखवट्याचे तोंड करता येईना. तीन वेळा केले. आपणही तीनदा वळलात. शेवटच्या वेळी इंदूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाठीवर मारून पाणी पाजावे लागले. तो फोटो झाकण काढून काढला आहे.

त्यानंतर किमतीची गोष्ट निघाली. आकडा ऐकून नत्थुजी म्हणाले, एवढ्यात एक बोअर झाला असता. बाकीच्यांनीही मला सांगितले की परत द्यायला लावा. आपणही येथे तेच म्हणालात. माझे पती म्हणाले, "माह्यामुळं तुले जो तरास झाला, त्याच्यापुढं हे काही नाही. उद्याच देऊन येतो." आणि गळ्यातून काढून कॅमेरा माझ्या हातात ठेवला. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खोटे बोलता येत नाही, कालचा कागद सोडून.

मी म्हणाले, देण्याआधी पाहू तरी द्या. त्यांनी बाभळीखाली उभे राहून मला शिकवले. मी खिडकीला डोळा लावला. मधल्या चौकोनात मला माझे पती दोन दिसले. एक उभे होते. दुसरे तिथेच, जरा बाजूला सरकलेले, पुसट, पलीकडचे दिसेल असे. मी घाबरले. मी म्हणाले, "अवो, हे दुसरे कोण?" ते म्हणाले, "भिऊ नको, जुळेपर्यंत दोन दिसतात. लेन्सचं कडं फिरव हळूहळू." मी कडे फिरवले. पुसट माणूस हळूहळू सरकत आला आणि उभ्या माणसात जाऊन बसला. मग एकच राहिले. बूट घातलेले, हसणारे. रात्रभर मी जे करायचा प्रयत्न करत होते, ते बोटभर फिरवण्यात झाले. मी चाप दाबला.

फोटो वाकडा आला आहे, डोक्यावर आभाळ जास्त आहे. मी काढलेला तो पहिलाच.

तरी माझा जबाब असा की, माझे पती देवमन सूर्यभान खंडारे हे आज रोजी जिवंत व सुखरूप मिळून आले आहेत. त्यांना कोणी पळवले नव्हते, फसवले नव्हते. कॅमेरा व दोन्ही लेन्स अकोल्याला परत जाणार नाहीत. उद्या मी स्वतः गफ्फारभाईंना फोन करून तसे सांगणार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, एक सोडून, ती मी घरी पाहून घेईन.

येथपर्यंतचे सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. माझे पती जिवंत व सुखरूप मिळून आले आहेत, ही ओळ मी त्यांना पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. ती बरोबर आहे.

सही
शालू देवमन खंडारे