एक बाई, दोन कार्डं

नाव इचारता? मंग आधी हे सांगा का कोनतं सांगू, कारन माझे तीन नावं हायेत अन् तिन्ही खरे. बीबी गावाले जन्मली तवा बापानं ठिवलं गोदावरी, घरात गोदी. लग्न झालं अन् सासरच्याइनं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं सुशीला. अन् पुढं सारी नोकरीभर ना कोनी गोदी म्हनलं ना सुशीला, लहान-मोठं सारं जग म्हने नर्सबाई. हसू नका, बाईच्या ह्या दोन-दोन नावांच्याच पायी माझी नोकरी जाता जाता राह्यली, तेच सांगून राह्यली तुम्हाले.

मालक दोन वर्सांत तापानं गेले. लेकरू नाई, बाळ नाई, मी बीबीले भावाच्या घरी आली. भाऊ चांगला, भावजय बी वाईट नव्हती, खोटं कायले बोलू, भाकर काही मोजून देत नव्हती, पन देताना भाकरीकडं पाहे, तेवढं पुरते मानसाले. मी सातवी पास होती. मास्तरानं भावाले सांगतलं, बुलढाण्याले नर्सबायांची शिकवनी निंघाली, धाडा हिले. गेली, शिकली, अन् एका गावच्या सरकारी दवाखान्यात लागली, गावाचं नाव नाई सांगत, तिथले लोक आजून जिते हायेत. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, नोकरी माझी कच्ची होती, पन खोली होती अन् खोलीत चूल होती, माझी. पहिल्या दिवशी म्या एकटीनं तीन भाकरी खाल्ल्या, कोनी पाह्यलं नाई.

दवाखान्यात पयले एक जाडं रजिस्टर होतं, डॉक्टरसाहेब येईन त्याचं नाव एकाखाली एक लिवत, खोकला, खरूज, बाळंतीन, सारे एकाच गाडीत. मंग वरून हुकूम आला का रजिस्टर बंद, कार्ड चालू. लाकडाचं कपाट आलं, लहान लहान खनाचं, गावातल्या बाया पाहून गेल्या, म्हने नर्सबाई, मसाल्याचा डबा लय मोठा आनला वं. जिल्ह्याहून साहेब आले समजावाले. चश्मा, पांढरा सदरा, अन् एकच बोल, एक मानूस एक कार्ड. जन्मापासून मरेपर्यंत एक मानूस एक कार्ड. व्हरांड्यात पारबताबाई बसली होती, गावातली म्हातारी, डोळ्यात औषध टाकाले येत जाय, तिनं इचारलं, अन् बाईमानसाचं साहेब? साहेब म्हने बाईचं बी एकच. बरं, म्हने पारबताबाई, अन् पदर तोंडाले लावला. ती तवाच हसली होती, माझंच ध्यान नव्हतं.

पोटुशी बायांचे कार्ड गुलाबी, ते माझ्याकडं. म्या झोपडी ना झोपडी पायदळ फिरून लिवले. नाव लिवा, नवऱ्याचं नाव लिवा, आता बाई तं नवऱ्याचं नाव घेत नाई, मंग शेजारीन सांगे, शेजारीन नसली तं सासू सांगे, अन् सासू भांडलेली असली तं मी दुसऱ्या दिवशी जाये. लय साजरे कार्ड झाले. मले वाटे साहेब आले का शाबासकी देतीन.

साहेब आले, खन उघडला, गुलाबी कार्ड टेबलावर पसरले अन् बोट ठिवत गेले. म्हने बाई, ह्या सात जनी पोटुशी राह्यल्या, त्याले वरीस होत आलं, अन् बाळंत काऊन नाई झाल्या? अन् ह्या पाच जनी बाळंत झाल्या, त्या पोटुशी कवा होत्या? ह्या काय कुंती हायेत का? म्या म्हनलं साहेब, त्या सात पहिलटकरनी, सातव्या महिन्यात माहेरी गेल्या, तिथंच बाळंत झाल्या. अन् ह्या पाच ह्या गावच्या लेकी, बाळंतपनाले माहेरी आल्या. साहेब म्हने असं कसं, आजूबाजूच्या साऱ्या दवाखान्यांतून मीच कागद मागवले, तुमच्या सातांतलं एक नाव त्याइच्या कागदावर नाई. नसनारच! इथं सुमन पांडुरंग, तिथं कमळा गनपत. सासरचं नाव अन् नवरा इथं राह्यला, माहेरचं नाव अन् बाप तिथं लिवला गेला. पन हे सांगाच्या आधीच मी रडू लागली, अन् रडनारं मानूस साहेबाले खोटंच वाटते. म्हने पंधरा दिवसांनी येतो, सात बाया दाखवा, नाई तं खोटे कार्ड लिवले असं लिहून देतो. म्हनजे नोकरी गेली. म्हनजे बीबी, अन् भावजयीची चूल.

डॉक्टरसाहेब भले, पन भित्रे. म्हने बाई, त्या पाच लेकींचे बाळंतपनं ह्या सातांतल्या पाचाच्या कार्डावर चढवून टाका, दोघींचं पाहू मंग. म्या टाक उचलला. खोटं नाई सांगत, उचलला. पयलंच कार्ड हाती आलं पारबताबाईच्या सुनेचं, सुमनचं. आता तिच्या कार्डावर कोनाचं लेकरू लिवू? अन् उद्या ती देवीची लस टोचाले घेऊन आली तं कोनतं लेकरू टोचू? ठिवला टाक.

दुसऱ्या दिवशी पारबताबाई आली डोळ्याचं औषध टाकाले. काऊन रडून राह्यली वं पोरी? म्या सारं सांगतलं. ती उठूनच उभी राह्यली, म्हने माझी सून पोटुशी नव्हतीच असं म्हनते का तो? मंग माझा नातू काय बाजारातून आनला? औषध न टाकताच गेली.

साहेब आले त्या दिवशी पाहता तं काय, व्हरांड्यात सहा सासवा, बोरीखाली तीन बैलगाड्या, सुना, लेकरं, कोनाच्या हातात माहेरून आलेली कुंची, कोनाच्या हातात वाळे, सारा पुरावा. सातवी सासू गावी गेली होती, तिच्या जागी सासरा आला अन् बायांत बसाची लाज वाटली म्हनून बैलाजवळ उभा राह्यला. साहेबानं सुमनले इचारलं, बाई तुमचं नाव काय? तिच्या आधी पारबताबाई म्हने सुमन. साहेबानं तिचं माहेरचं गाव इचारलं अन् तिथला कागद पाहून म्हने इथं तं कमळा लिवलं, ही दुसरी बाई हाये. पारबताबाई म्हने, मले काय माझी सून वळखू येत नाई? अन् मंग एकदम गोड आवाजात इचारलं, साहेब, तुम्हाले लेकरं काय? साहेब म्हने एक मुलगा, चार महिन्यांचा. कोठी झाला? देऊळगाव राजाले, तिच्या माहेरी. अन् तिचं माहेरचं नाव काय? साहेब म्हने मथुरा. अन् तुमच्या घरी? साहेबानं चश्मा काढला अन् पुसू लागले. पारबताबाई म्हने, मंग साहेब, तुमची बाई सासरच्या कार्डावर आजूनही पोटुशीच असन की हो.

काय सांगू तुम्हाले! सासवा हसल्या, सुना पदरात हसल्या, बैलाजवळचा सासरा हसला, डॉक्टरसाहेबाले ठसका लागला. अन् साहेब, मानूस मोठा म्हना लागन, ते बी हसले, डोळ्याले पानी येईस्तोवर. मंग त्याइनं लाल शाईचा टाक घेतला अन् सातही कार्डांवर सोताच्या हातानं लिवलं, माहेरचं नाव, माहेरचं गाव. पारबताबाईले म्हने, आजी, तुम्ही म्हनल्या ते बरोबर, पुरुष एक असते, बाई दोन असते. ती म्हने मी असं कवा म्हनली? पन बरोबर हाये.

तवापासून मी सुनांच्या माहेरी पत्र टाकत जाये, लेक बाळंत झाली का कळवा. उत्तरं येत, लेक सुखरूप, पन जवायाले सांगा घ्याले लवकर यावं, अन् सासूले सांगा का तिले लगेच पान्याले धाडू नये. ते बी काम माझ्याचकडं आलं. नोकरी पक्की झाली. चूल माझीच राह्यली शेवटपर्यंत.

आता बीबीलेच राह्यते, भाच्यापाशी. मागच्या महिन्यात बीपीची गोळी आनाले दवाखान्यात गेली. कार्ड गेले, कपाट गेलं, आता एक पोरगी कॉम्प्युटर घेऊन बसते. म्हने आजी, तुमचे तं दोन नावं निंघाले. एक सुशीला, पेन्शनीच्या कागदावरून, अन् एक गोदावरी, भाच्यानं कवा तरी लिवून देल्लेलं. एक मानूस एकच ठिवा लागते, सुशीला ठिवते, गोदावरी काढून टाकू? गोदी म्हननारी माय गेली, भाऊ गेला, भावजय बी गेल्या साली गेली, त्या नावाचं आता जगात तेवढंच राह्यलं होतं, त्या पोरीच्या डब्यात. म्या म्हनलं थांब वं माय, तुझ्या त्याच्यात माहेरच्या नावाचा खन हाये का? तिनं वर पाह्यलं, खाली पाह्यलं, म्हने नाई आजी. म्या म्हनलं, पाह्य, इतके वर्सं झाले अन् आजून तेच! अन् तिले पारबताबाईची सारी गोष्ट सांगतली, मांगं लाईन लागली तं लागू देल्ली. ती हसली, अन् कोठीतरी कोपऱ्यात उलीशी जागा होती, तिथं तिनं लिवलं, माहेरची गोदावरी.

मी जाऊन बाकड्यावर बसली. उलीशा वेळानं आवाज आला, गोदाआजी, चला आत, डॉक्टर बोलावते. मी उठलीच नाई, मले वाटलं दुसऱ्या कोनाले बोलावून राह्यली. बाजूच्या बाईनं हलवलं, अवं आजी, तुम्हालेच. तवा उठली. देव भलं करो त्या पोरीचं, तिच्या दोन्ही नावानं.