नवं देऊन जुनं पिस्तूल

अमेरिकेत, मोंटानातल्या बंदुकांच्या दुकानात लोर्ना रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारा व्हर्नन आणि त्याची बायको ओपल यांची चांगलीच जुंपली होती.

"अगं, नवं पिस्तूल देऊन त्याचंच जुनं मॉडेल घ्यायचं? लोक हसतील मला."

"हसू देत. जुन्याला सेफ्टीचा खटका आहे, तो लावला की चुकून गोळी सुटत नाही. तुझ्या नव्याला आहे का?"

"नवं हलकं आहे. गोळ्याही जास्त बसतात."

"त्यातलीच एक परवा फ्रीजरमधल्या हरणाच्या मटणात जाऊन बसली."

"कोटाची दोरी अडकली गं ट्रिगरला."

"मी फ्रीजरपाशीच उभी होते, व्हर्नन."

मागे उभी लोर्ना आता कान देऊन ऐकू लागली.

"तेव्हापासून तू घरात आलास की मी दुसऱ्या खोलीत जाते."

"मला वाटलं, रुसलीयस."

"रुसायला मी काय नवी नवरी आहे? भीती वाटते रे मला. तुझी."

व्हर्ननने पिस्तुलाची पेटी काउंटरवर सरकवली. "हे ठेवून घ्या. ते जुनं द्या."

ओपलने जुन्याचा खटका स्वतः वर-खाली करून पाहिला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"मग आज जेवायला समोर बसशील?" त्याने हळूच विचारलं.

"बसेन की. भांडी मात्र तू घासायचीस."