देवांना खुनाचं आवतान

(खांदा कॉलनी. रविवारची दुपार, ताटं वाढलेली.)

स्नेहल : आई, खरं सांगायचं हं. तो माणूस मरत होता तेव्हा तू गात का होतीस?

आई : कोन मेला?

स्नेहल : हुश्श, विचारलं! माझ्या वर्गातल्या जिक्राने पैज लावलेली, हिंमत असेल तर आईला विचारून दाखव म्हणून. माझ्या दोन कुल्फ्या झाल्या.

बाबा : अगो, जेवताना मरनाच्या गोष्टी कनाला?

स्नेहल : बाबा, आई मोबाईलवर आलीय! ती उलव्याला जाऊन गायली ना, ती वेबसिरीज. पाचवा भाग. एक गुंड दुसऱ्याला भोसकतोय, सतरा वेळा, आम्ही मोजलं. आणि मागे आपल्या मातोश्री.

आई : कंचा धवला लावलाय?

स्नेहल : हळदीआधीचा. तू देवांना बोलावतेस तो. गणपतीपासून वेशीवरच्या म्हसोबापर्यंत. एक देव, एक वार.

आई : अगो बाय माझे! बावीस वर्सं लग्नाच्या मांडवात धवलं गातंय मी. देवांना लग्नाचं आवतान दिलं, नि ह्यांनी त्यांना खुनाला नेलं?

बाबा : आलं असतील काय गो देव?

आई : आवतान दिलं की यावाच लागतं त्यांना.

बाबा : मंग कुनी आडवलं कसं नाय त्या मेल्याला?

स्नेहल : बाबा, देव सोडा. शेवटी सगळ्यांची नावं येतात. चहावाल्याचं आहे. कुत्र्याचंसुद्धा आहे. आईच्या जागी लिहिलंय, 'पारंपरिक'.

आई : म्हंजे?

स्नेहल : म्हणजे कुणीच नाही. हवेतून आवाज आला.

बाबा : पैसं तरी दिलं ना?

आई : मान दिला. लुगडं, नारल, शेरभर तांदूल.

बाबा : त्या लुगड्यानं मी टेम्पोची काच पुसतंय. एका धुन्यात इरलं.

स्नेहल : आणि सही कशावर केलीस?

आई : त्यांचा पोरगा बोल्ला, मावशी, हितं सही करा नि जेवाला बसा. मना वाटलं, आहेराची वही.

बाबा : वाचायची नाय?

आई : आहेराची वही कुनी वाचतं? तुमी वाचली कदी?

स्नेहल : तुझी कॉपी मी वाचली. त्यात तू लसूण बांधून ठेवलेलास. आवाज त्यांचा, कायमचा. पृथ्वीवर आणि विश्वात कुठेही. आई, मंगळावर हळद लागली तरी तुझा धवला त्यांचा!

बाबा : मंगलावर आपलं कोन हाय?

स्नेहल : बाबा!

आई : उद्या परत बोलावलाय. दुसरा शीजन करतान. मांडवाचा शीन हाय.

बाबा : युनियनला सांग ना. नटांची असते.

आई : मी इचारलावता त्या पोराला. बोल्ला, पिच्चरला युनियन, शिरेलीला युनियन. ह्ये मोबाईलवालं, ह्याला नाय.

स्नेहल : मी काल एका कलाकार संघटनेला फोन केला. बाई म्हणाल्या, गायिका का अभिनेत्री? मी म्हटलं, धवलारीण. म्हणाल्या, तसा रकाना नाही फॉर्मवर.

बाबा : मंग जाऊच नको उद्या.

आई : मी नाय गेली तर माझ्या जोडीच्या मालूला नेतील. ती नाय तर गंगाबाय. लुगडी काय, ढीगभर असतील त्यांच्याकडं.

स्नेहल : आई, करंजाड्याच्या लग्नात काय झालेलं गं?

आई : नवऱ्याच्या मामानं गंगाबायला पंगतीतून उठवलीवती. आमी चौघी उठलो. मांडव गप. धवल्याबिगर हलद लागते काय? अर्ध्या तासानं मामा हात जोडून आला.

स्नेहल : मग तुम्हा तिघींना कुठे उठवलं होतं?

आई : एकीचा मान मोडला तर दुसरी त्या मांडवात गात नाय. रीत हाय आमची.

स्नेहल : ह्यालाच युनियन म्हणतात, मातोश्री! तुमची आमच्या जन्माआधीपासून आहे. फक्त फॉर्म नाही.

बाबा : पोरगी दहावीला हाय का वकिलीला?

स्नेहल : मालूमावशीला आणि गंगाबाईंना सकाळीच फोन केलाय. बाबांच्या फोनवरून. मावशी म्हणाली, तुझी आई भामा गायली तर आम्ही गाणार, नाहीतर त्या हिरोलाच गायला लाव म्हणावं.

आई : पन मागायचा कुनी? धवलारीन तोंडानं मागत नाय. देव रुसतान.

स्नेहल : म्हणून मी ठरवलंय. उद्या शाळेला दांडी. मी पण येतेय उलव्याला. पडद्यावर नाव, नीट पैसे, आणि धवला कुठे वाजणार ते आधी विचारायचं. हे सगळं मी मागणार. मी कुठे धवलारीण आहे? देव रुसले तर रुसू देत, गणितात तसेही रुसलेलेच आहेत.

बाबा : आनि कागद?

स्नेहल : पहिली ओळ ते शेवटची, मोठ्याने वाचणार. तोवर कुठल्याच देवाला आवतान जाणार नाही.